सर हर्बर्ट रिस्ले यांस खुलं पत्र : आमच्या नाकांचा हिशेब

सर हर्बर्ट होप रिस्ले यांस,

पत्राच्या आरंभी नमस्कार लिहायची आमच्याकडे रीत आहे. तुमच्यापुरती ती मी मोडते आहे. तुम्ही 1911 सालच्या सप्टेंबरात वारलात, आणि गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये असंही आमच्यात म्हणतात. पण माणूस गेला म्हणून त्याने करून ठेवलेलं जात नाही. तुमचं तर आमच्या घराघरांत बसून आहे, म्हणून बोलणं भाग आहे.

निमित्त चष्म्याचं झालं. गेल्या महिन्यात नंबर बदलला म्हणून दुकानात गेले. तिथल्या मुलाने मला उजेडाकडे तोंड करून बसवलं, "काकू, सरळ माझ्याकडे बघा" म्हणाला आणि एक छोटी पट्टी माझ्या नाकावर आडवी धरली. नाकाच्या मध्यापासून उजव्या बाहुलीपर्यंत एक माप, डाव्या बाहुलीपर्यंत दुसरं. कार्डावर लिहिलं, 30 आणि 31. म्हणजे माझ्या दोन बाहुल्यांमधलं अंतर 61 मिलिमीटर. भिंगाचा मध्य बरोबर बाहुलीसमोर यायला लागतो, नाहीतर डोकं दुखतं, एवढ्यासाठी हे माप. मग त्याने माझ्या नाकाकडे पाहिलं आणि म्हणाला, "तुमचं नाक जरा बसकं आहे, पॅडवाली फ्रेम घ्या, नाहीतर सारखी खाली येत राहील." मला राग आला नाही. त्याचं म्हणणं खरं होतं आणि माझ्या सोयीचं होतं. त्याने आडनाव विचारलं ते बिलापुरतं. पट्टी खिशात गेली, विषय संपला.

घरी येईपर्यंत मात्र माझ्या डोक्यात तुम्हीच होता. कारण तुम्हीही आम्हाला असंच उजेडात बसवलं होतंत. तुम्हीही आमच्या डोळ्यांमधली आणि नाकाची मापं घेतलीत. फक्त तुम्ही आडनाव आधी विचारलंत.

1873 साली तुम्ही आय.सी.एस. होऊन बंगालमध्ये आलात. 1885 पासून बंगाल सरकारच्या वतीने जातीजमातींची पाहणी सुरू केलीत. पॅरिसच्या तोपिनार यांची मोजमापाची पद्धत घेतलीत, हाताखालची माणसं तयार केलीत आणि बंगाल, बिहार, वायव्य प्रांत, अवध आणि पंजाब मिळून सुमारे सहा हजार माणसांची डोकी, नाकं, चेहरे मोजून घेतलेत. 89 जातीजमाती. 1891 च्या सुमारास 'द ट्राइब्ज अँड कास्ट्स ऑफ बेंगॉल' हे चार खंड निघाले, त्यांतले दोन खंड निव्वळ आकड्यांचे. मेहनत केली नाहीत असं तुमच्याबद्दल कोणालाच म्हणता येणार नाही. इतकी मेहनत करून माणूस इतका चुकतो, याचाच मला जास्त राग येतो.

तुमचं एक माप मी पुनःपुन्हा वाचलं. ऑल्डफील्ड थॉमस यांनी ते सुचवलं होतं आणि ते तुम्हाला फार उपयोगाचं वाटलं. माणसाच्या दोन्ही डोळ्यांच्या खोबण्यांच्या बाहेरच्या कडेवर एकेक ठिपका द्यायचा. तिसरा ठिपका नाकाच्या मुळाशी, जिथे ते सगळ्यात खोल असतं तिथे. डोळ्यांकडच्या दोन ठिपक्यांमधलं अंतर सरळ रेषेत मोजायचं. मग त्याच दोन ठिपक्यांपासून नाकाच्या ठिपक्यापर्यंतची अंतरं मोजून त्यांची बेरीज करायची. बेरजेला सरळ अंतराने भागायचं आणि शंभराने गुणायचं. उत्तर 110 च्या खाली आलं तर चेहरा चपटा, 113 आणि वर गेलं तर उठावदार, मधला तो मध्यम. माणूस मंगोल वंशाच्या किती जवळचा, हे तुम्ही या तीन ठिपक्यांवरून ठरवणार होता.

मी त्या मोजल्या जाणाऱ्या माणसाचा विचार करते. छोटा नागपूरमधला कोणी शेतकरी असेल. त्याला साहेबाच्या माणसांनी बोलावलं, तो आला. सरकारने बोलावल्यावर न जाऊन कसं चालेल? त्याच्या तोंडावर तीन ठिपके दिले. लोखंडी कॅलिपरचं टोक त्याच्या डोळ्याच्या कडेला टेकलं. त्याने डोळे मिटले असतील की रोखून पाहिलं असेल? हे सगळं कशाकरता चाललंय, हे त्याला कोणी सांगितलं का? चष्मा तर मिळणार नव्हता. औषध मिळणार नव्हतं. सारा माफ होणार नव्हता. त्याच्या चेहऱ्याचा एक आकडा झाला, तो वहीत गेला आणि वही कलकत्त्याला गेली.

आता नाकाच्या मापाकडे येते, कारण तुमचा खरा जीव त्यातच होता. नाकाच्या रुंदीला उंचीने भागायचं, शंभराने गुणायचं. 70 च्या खाली आलं तर नाक तरतरीत, 70 ते 85 मध्यम, 85 च्या वर पसरट. समजा एखाद्याचं नाक 36 मिलिमीटर रुंद आणि 48 मिलिमीटर उंच आहे. उत्तर आलं 75. आता मापणाऱ्याने नाकपुड्यांवर कॅलिपर जरा सैल धरला आणि 37 वाचले. नाकाचं मूळ कातडीवरून चाचपडत शोधावं लागतं, तिथे बोट एक मिलिमीटर खाली सरकलं आणि उंची 47 भरली. उत्तर 78.7. माणूस तोच, नाक तेच, आणि एकेका मिलिमीटरच्या दोन चुकांनी तो तुमच्या शिडीच्या जवळजवळ चार पायऱ्या खाली उतरला. या असल्या पायऱ्यांवर तुम्ही कोण वरचा आणि कोण खालचा हे लिहून ठेवलंत. एकेका जातीतली माणसं मोजलीत किती, तर काही ठिकाणी शंभराच्या आसपास, बऱ्याच ठिकाणी तेवढीही नाहीत.

आणि शिडी तरी कसली! जातींच्या नाकांची सरासरी काढून त्या ओळीने मांडल्या, तर सगळ्यात तरतरीत नाकाची जात वर येते, सगळ्यात पसरट नाकाची तळाला जाते, आणि हीच ओळ समाजातल्या मानाच्या ओळीशी जुळते, असा सिद्धांत तुम्ही मांडलात. माणसाचा मान त्याच्या नाकाच्या रुंदीच्या उलट प्रमाणात असतो, हे तुम्ही पुस्तकात छापलंत. मोजमाप हा गुन्हा आहे असं मी म्हणत नाही. चष्मेवाला मोजतो, शिंपी मोजतो, डॉक्टर बाळाच्या डोक्याचा घेर मोजतो. तुम्ही उत्तर आधी ठरवलंत आणि मग कॅलिपर उचललात, हे माझं भांडण आहे. वर कोण आणि खाली कोण हे तुम्हाला आमच्यातल्या वरच्यांनीच सांगितलं होतं. ते खरं ठरवायला तुम्हाला फक्त नाकं हवी होती.

पुरावा म्हणून तुम्ही वेदांकडे बोट दाखवलंत. आर्यांनी इथल्या लोकांच्या नाकांचा जागोजाग उल्लेख केलाय, असं तुम्ही लिहिलंत. जागोजाग? ऋग्वेदात 'अनास' हा शब्द एकदा येतो, पाचव्या मंडलात, दस्यूंच्या संदर्भात. युरोपातल्या पंडितांनी त्याचा पदच्छेद अ-नास असा करून 'बिननाकाचे' असा अर्थ लावला. सायणाचार्यांनी तो अन्-आस असा फोडला होता, म्हणजे ज्यांना तोंड नाही, ज्यांची बोली आपल्याला कळत नाही ते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1946 च्या 'हू वेअर द शूद्राज?' मध्ये नेमका हाच शब्द उचलला आणि सायणाचार्यांचा अर्थच बरोबर ठरवला. एका शब्दाच्या एका फोडीवर तुम्ही एका देशाच्या नाकांचं शास्त्र उभं केलंत. आमच्या गावच्या शाळेतल्या संस्कृतच्या बाईंनी असा पदच्छेद पाहिला असता तर लाल शाईने खोडला असता.

आम्हा मराठी माणसांकडेही तुम्ही वळलात. 1901 च्या जनगणनेचे आयुक्त म्हणून तुम्ही हिंदुस्थानच्या माणसांचे सात साचे केलेत. त्यांत आम्ही मराठे, कुणबी आणि मराठी ब्राह्मण, सोबत कुर्गी लोक, असे 'सिथो-द्राविडी' ठरलो. मराठीत सांगायचं तर शक-द्राविड. का, तर आमची डोकी रुंद. रुंद डोकी शकांची, तेव्हा शक पंजाबातून गुरं चारत खाली सरकत दख्खनपर्यंत आले असणार, असा तुमचा तर्क. तेवढ्यावर तुम्ही थांबला नाहीत. मराठ्यांची दूरवरची घोडदौड, त्यांचा गनिमी कावा, त्यांची कारस्थानं आणि त्यांचं राज्य न टिकणं, हे सगळं तुम्ही त्या शकांच्या रक्तातून काढून दाखवलंत.

मी सह्याद्रीच्या पायथ्याशी वाढले आहे. खिंड कशी असते, पावसाळ्यात घाट कसा निसरडा होतो आणि वरून एक दगड सुटला तर खालच्या माणसाचं काय होतं, हे मला शाळेत जायच्या आधी कळत होतं. शिवाजी महाराजांना गनिमी कावा या डोंगरांनी शिकवला. थोड्या माणसांनिशी मोठ्या फौजेला तोंड द्यायची गरज होती, तिने शिकवला. तुम्ही तो आमच्या कवटीच्या रुंदीत शोधलात. डोळ्यांसमोर सह्याद्री उभा असताना तुम्हाला कॅलिपरच्या दोन टोकांमधलं तेवढं दिसलं. आणि या कामात तुमच्या हाताखाली बी. ए. गुप्ते यांच्यासारखा मराठी माणूस होता, याचं मला आजही वाईट वाटतं.

वहीतलं वहीत राहिलं असतं तर मी हे पत्र लिहिलं नसतं. पण तुमच्याकडे जनगणना होती. 1901 मध्ये जातींची नोंद मानाच्या उतरंडीप्रमाणे करायची, असं तुम्ही ठरवलंत. कोण कोणाच्या हातचं पाणी पितो, कोणाच्या घरी ब्राह्मण जातो, अशी चौकशी करून सरकारने जातींचे थर लावले. गावात जे गावापुरतं होतं, एका गावात एक आणि पलीकडच्या गावात दुसरं, त्याच्यावर सरकारी शिक्का बसला. मग आमची माणसं अर्ज घेऊन धावली. आम्हाला क्षत्रिय लिहा, आम्हाला वैश्य लिहा, आमचं नाव बदला, आम्हाला त्या अमक्यांच्या वर घाला. 1911 च्या जनगणनेच्या वेळी एकट्या बंगालमध्ये अशा अर्जांचं वजन दीड मण भरलं, असं तिथल्या अधिकाऱ्यानेच नमूद केलंय. दीड मण कागद, सर हर्बर्ट! पोटाला अन्न नसलेल्या मुलखात लोकांनी पै पै जमवून वकील लावले, पंडितांकडून दाखले आणले, ते तुमच्या रकान्यात एक पायरी वर चढायला. जात तुम्ही आणली नाहीत, हे मला माहीत आहे. ती आमचीच, आमच्याच घरची. पण तुम्ही तिला दशांश चिन्ह दिलंत.

भारत सरकारचे गृहसचिव असताना बंगालच्या फाळणीसाठी टिपणं लिहिणारेही तुम्हीच होता. एकसंध बंगाल ही ताकद आहे आणि तो तोडला की ती ताकद निरनिराळ्या दिशांना ओढली जाईल, हे तुम्ही 1904 मध्ये स्वच्छ लिहून ठेवलंत. माणसं वेगळी कशी करायची याचा सराव तुम्हाला आधीपासून होता. एकदा नाकांनी केला, मग नकाशाने.

आता तुमच्या आकड्यांचं पुढे काय झालं ते ऐका.

मालवणात जन्मलेले गोविंद सदाशिव घुर्ये केंब्रिजला शिकून आले आणि मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्रमुख झाले. 1932 च्या 'कास्ट अँड रेस इन इंडिया' या पुस्तकात त्यांनी तुमचेच आकडे पुन्हा मांडून पाहिले. संयुक्त प्रांताच्या, म्हणजे तुमच्या वायव्य प्रांत आणि अवधच्या, बाजूला तुमची ओळ थोडीफार जुळते, बाकी भाषांच्या मुलखांत मोडते, असं त्यांना दिसलं. संयुक्त प्रांतातला ब्राह्मण मोजमापांवरून त्याच प्रांतातल्या बहुतेक जातींपेक्षा पंजाबातल्या चुहड्याच्या आणि खत्र्याच्या जवळचा निघाला. चुहडा म्हणजे कोण हे तुम्हाला माहीत होतं. ज्याची सावली अंगावर पडू देत नसत तो. घुर्ये यांच्या सगळ्याच मतांशी मी सहमत नाही, त्यांनीही वंशाची भाषा पूर्ण सोडली नाही. पण तुमची शिडी तुमच्याच लाकडाने मोडता येते, हे त्यांनी दाखवलं.

मग ते लाकूड बाबासाहेबांच्या हाती आलं. 1948 च्या 'द अनटचेबल्स' मध्ये त्यांनी नाकांच्या मोजमापांची साक्ष काढली आणि तिचा अर्थ उघड करून मांडला. ही मापं खरी मानायची तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. ब्राह्मण आर्य असतील तर अस्पृश्यही आर्य. ब्राह्मण द्राविड असतील तर अस्पृश्यही द्राविड. मग अस्पृश्यता वंशातून आली, हे म्हणणं उभंच राहत नाही. ज्या माणसाला लहानपणी शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर बसावं लागलं, त्याने तुमचे आकडे घेतले आणि न चिडता, एकेक पाऊल टाकत, तुमच्या विरुद्ध नेऊन ठेवले. ते पुस्तक त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केलंय. पंढरपूरच्या देवळाबाहेर ज्याची समाधी आहे तो आमचा चोखोबा. ती पानं वाचताना माझे डोळे भरून आले होते.

तिकडे कलकत्त्यात प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी 1933 मध्ये तुमच्या बंगालच्या आकड्यांची फेरतपासणी करून त्यांतल्या चुका दुरुस्त केल्या. म्हणजे तुमचा निष्कर्ष तर पडलाच, बेरजा तपासायलासुद्धा दुसऱ्या कोणाला बसावं लागलं.

आणि आमच्या इरावती कर्वे! त्या 1920 च्या दशकाच्या शेवटी बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्याकडे डॉक्टरेट करायला गेल्या. कवटीची डावी-उजवी बाजू सारखी नसते. गोऱ्या युरोपियनांत हा फरक जास्त आणि म्हणून त्यांची बुद्धी वरची, असं फिशर यांना सिद्ध करून हवं होतं. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि लिहून दिलं की असमानतेचा वंशाशी संबंध दिसत नाही. परक्या देशात, एकटी, पंचविशीच्या आतबाहेरची मराठी बाई, समोर तेवढा मोठा गुरू, आणि तरी जे मापात आलं तेच तिने मांडलं. पुढे महाराष्ट्रात परत येऊन त्यांनीही गावोगाव माणसं मोजली. 1968 मध्ये एकाच दर्जाच्या मानल्या जाणाऱ्या आठ ब्राह्मण पोटजातींची तुलना कैलाशचंद्र मल्होत्रांबरोबर प्रसिद्ध केली. कॅलिपर त्यांच्याही हातात होता. मोजणाऱ्याने काय करायला हवं होतं, हे पाहायचं असेल तर त्यांच्याकडे पाहा.

माझ्या चष्म्याच्या कार्डावर 30 आणि 31 लिहिलंय, ते बघून मला त्याच आठवल्या. माझे दोन डोळे नाकापासून सारख्या अंतरावर नाहीत. कोणाचेच फारसे नसतात.

इतकं सगळं होऊनही तुमचं वजन आमच्या अंगावरून उतरलेलं नाही. यात आमचाही दोष आहे, तो लपवत नाही. लग्नाच्या बोलण्यात 'मुलगी नाकीडोळी नीटस आहे' हे आम्ही तुम्ही यायच्या आधीपासून म्हणत असू. पण कोणाचं नाक कोणत्या जातीचं, हे बघताक्षणी सांगण्याची आमची जी खात्री आहे, ती मला तुमच्या तक्त्यांची वाटते. "दिसायला आपल्यातली वाटते," असं माझ्या आत्याने माझ्या मैत्रिणीबद्दल म्हटलं होतं, ते कौतुक म्हणून. मैत्रीण तिथेच बसली होती. तिने हातातला चहा संपवला आणि पुन्हा आमच्याकडे आली नाही. त्याला आता तीस वर्षं झाली.

गेल्या आठवड्यात बहिणीच्या नातीला पाहायला गेले. बाळ सव्वा महिन्याचं. मालीशवाल्या मावशी पाय पसरून बसल्या होत्या, बाळ त्यांच्या नडग्यांवर पालथं. कोमट खोबरेल तेलाची वाटी शेजारी. पाठ झाली, हात झाले, मग त्यांनी बाळाला उताणं केलं, अंगठा आणि तर्जनी तेलात बुडवली आणि बाळाचं नाक मुळापासून शेंड्यापर्यंत चिमटीत धरून ओढायला लागल्या. एकदा, दोनदा, पाचदा. बाळ लालबुंद होऊन रडत होतं. "बसकं आहे हो, आत्ताच वर काढायला हवं, पुढे पोरीचं लग्न व्हायचंय," मावशी म्हणाल्या. त्या मनाने चांगल्या आहेत, चाळीस वर्षं लेकरांना न्हाऊ घालतायत. त्यांना तुमचं नाव माहीत नाही. तरतरीत नाक वर आणि पसरट नाक खाली, एवढं मात्र पक्कं माहीत आहे.

मी त्यांच्या शेजारी बसले आणि म्हटलं, मावशी, नाक राहू द्या. माझंही असंच आहे.

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, नव्या चष्म्याकडे पाहिलं. मग चिमटी सोडली, हात पुसला आणि बाळाचे तळवे चोळायला घेतले. थोड्या वेळाने ते रडायचं थांबलं.